ओव्हाळ सर इचारून येतात

आमच्या ऑफिसात काही बिघडलं की बाकीचे चहा मागवतात. ओव्हाळ सर खुर्ची ओढतात. निळी, प्लास्टिकची, एका पायानं जरा लंगडी. ती घेऊन ते कोपऱ्यातल्या जुन्या संगणकासमोर बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात आणि आजारी माणसाला विचारावं तसं विचारतात, "बोल. काय झालं?" मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे दृश्य पाहिलं. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "कंपनी बरी आहे, पण एक माणूस जरा सरकलेला आहे." नवरा म्हणाला, "एकच आहे ना? मग चांगलीच कंपनी आहे."

कंपनी म्हणजे तुळजापुरात एका लॉजच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. आम्ही लॉजवाल्यांसाठी खोल्या बुक करायचं सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे बनवतात ती पोरं. मी फोन घेते. 'ताई, एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं आली, आता भांडण कुणी सोडवायचं' असले फोन. मला आतल्या यंत्रातलं फारसं कळत नाही, त्यामुळे मी जे सांगेन ते तुम्हालाही कळेल याची खात्री बाळगा.

तर तो कोपऱ्यातला संगणक. पोरांनी सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ जरी बदलली, तरी तो आपणहून कामाला लागतो आणि सगळ्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेतो. खोली बुक होते का? बुक झालेली खोली दुसऱ्याला तर जात नाही ना? पावती निघते का? अशा शेकड्यानं टेस्ट त्याच्या पोटात भरलेल्या आहेत. पास झाली की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या टेस्टची पट्टी हिरवी होते, नापास झाली की लाल. या टेस्ट लिहिणं आणि लाल झालेल्यांचा माग काढणं हे ओव्हाळ सरांचं काम. माणूस सोलापुरात एमसीए झालेला, पुण्यात पुष्कळ वर्षं काढलेला. पण बोलणं गावातून जसं नेलं तसंच परत आणलेलं, एक अक्षर सांडू दिलं नाही.

पोरांचा आणि सरांचा कायमचा झगडा एका बटणावरून. टेस्ट नापास झाली की ती पुन्हा चालवायचं एक बटण पडद्यावर असायचं. पोरं ते दाबायची, कधी कधी दुसऱ्या वेळी टेस्ट पास व्हायची, पोरं खूश. आमच्यातला प्रणव तर लाल दिसायच्या आत दाबायचा. एके सकाळी सगळे आले तर बटणच गायब. सरांनी काढून टाकलं होतं.

"सर, पण दुसऱ्यांदा पास होते ना ती!" प्रणव कळवळून म्हणाला.

"पुन्हा चालवली आन पास झाली म्हंजी ती बरी झाली न्हाय," सर म्हणाले, "नुसती गप बसली. लेकरू रडायचं थांबलं म्हंजी पोट दुखायचं थांबलं का? इचारावं लागतंय." आणि खुर्ची उचलून निघाले, "थांब. इचारून येतो."

हे 'इचारून येतो' म्हणजे सरांचं पालुपद. त्यांना अंदाज आवडत नाही. कुणी 'बहुतेक नेटमुळे असेल' म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. बहुतेक म्हणजे काय? इचारलं का? आणि विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटचं नीट चाललंतं कवा? त्याच्यानंतर काय बदललं?" हा प्रश्न ते फक्त संगणकाला विचारतात असं समजू नका. माझ्या घरचा कुकर शिट्टी देईना म्हणून मी ऑफिसात कुरकुरले, तर म्हणाले, "शेवटची शिट्टी कवा झाली?" म्हटलं, रविवारी. "त्याच्यानंतर काय बदललं?" काही नाही म्हणणार, तेवढ्यात आठवलं, सोमवारी सासूबाईंनी रिंग धुऊन उलटी बसवली होती. हे मी घरी सांगितलं नाही. सासूबाईंसमोर एका परक्या पुरुषानं माझी बाजू जिंकून दिली, हे सांगायचं तरी कसं?

बसस्टँडवर तर यांच्यासोबत जाऊच नये. बसवर ठळक अक्षरांत 'नळदुर्ग' लिहिलेलं असतं. तरी सर कंडक्टरला विचारणार, "नळदुर्गला जाती का?" तो म्हणणार, जाते. मग सर विचारणार, "सोलापूरला न्हाय ना जात?" कंडक्टर एकदा इतका वैतागला की म्हणाला, "साहेब, बसता का खाली उतरता?" सर शांत. मला समजावून सांगू लागले, "ताई, 'व्हय' म्हणतंय का एवढंच बघून भागत न्हाय. काही माणसं सगळ्यालाच व्हय म्हणत्यात. 'न्हाय' म्हणायला येतंय का तेबी बघावं." तेवढ्यात बस सुटली. बस निघून गेल्यावर मात्र त्यांनी ती कुठं जाते याची चौकशी केली नाही.

पण या खोडीनंच एकदा आमची लाज राखली. झालं असं, की मध्येच काही दिवस टेस्ट धडाधड नापास होऊ लागल्या. आज वीस लाल, उद्या सगळ्या हिरव्या, परवा पुन्हा लाल. बिघडेल असं कुणी काही बदललेलं नाही. पोरं रडकुंडीला आली. आमचे मालक, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी संगणकाला लिंबू-मिरची बांधायला सांगितली आणि आपण थट्टा केली असं दाखवलं. पण लिंबू-मिरची खरोखर आणली होती. सरांनी भिंतीवरचं पतसंस्थेचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं आणि लाल दिवसांवर खुणा करत बसले. मंगळवार. शुक्रवार. पुन्हा मंगळवार. आणि पौर्णिमेला तर कहर.

"देवीचा वार!" प्रणव कुजबुजला. सरांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "इचारून येतो," म्हणाले, आणि या वेळी संगणकाकडे न जाता जिना उतरून खालच्या लॉजच्या मॅनेजरकडे गेले.

उलगडा झाला तो असा. इमारतीच्या मालकानं भाड्यात आम्हाला इंटरनेट फुकट दिलं होतं. ते फुकट इंटरनेट म्हणजे खालच्या लॉजचीच लाइन. देवीच्या वारी आणि पौर्णिमेला लॉज भाविकांनी भरतो, दर्शन घेऊन आलेला प्रत्येक जण गादीवर आडवा होऊन घरच्यांना फोटो पाठवतो, लाइन तुंबते, आणि वर आमच्या टेस्ट उत्तराची वाट बघून बघून नापास होतात. मॅनेजर उलटा सरांवर चढला, "मग भाविकांनी फोटो पाठवू न्हाय का?"

दादा म्हणाले, सोपं आहे, वेगळी लाइन घेऊ, विषय संपला. सर म्हणाले, विषय आता सुरू झाला. "दादा, आपली गिऱ्हाइकं लॉजवालीच हायत. त्यांचीबी लाइन पौर्णिमेलाच तुंबणार, आन त्यांची बुकिंगबी पौर्णिमेलाच. टेस्ट खरं सांगत व्हती." मग पोरांना बसवून सॉफ्टवेअर असं करून घेतलं की लाइन अडली तरी बुकिंग बुडत नाही. पुढच्या पौर्णिमेला माझा फोन एकदाही वाजला नाही. मी निवांत बसून शेंगा खाल्ल्या आणि ओव्हाळ सरांना मनापासून दुवा दिला.

आता मूळ गोष्टीकडे येते.

पडद्यावर सगळ्यांत खाली एक पट्टी असते. तिचं नाव 'ओसरी'. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ओसरी कुठंच नाही. ही टेस्ट दिवसातून एकदाच चालते, दिवेलागणीला. मी विचारलं तेव्हा सरांनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, "आमच्या आईचा दिवा हाय त्यो."

सरांची आई गावाकडे एकटी राहते. नळदुर्गच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की गाव, स्कूटीवर अर्धा-पाऊण तास. जन्मभर अंगणवाडी चालवली, आता निवृत्त होऊन कोंबड्या चालवते. वडील गेल्यापासून सर मागे लागलेत, तुळजापूरला चल, नातवंडं आहेत. तिचा एकच सवाल, "माज्या कोंबड्या तुमच्या तिसऱ्या मजल्यावर ठिवू का?" मग सरांनी तिच्या ओसरीवरच्या दिव्यामागे एक डबी बसवली. दिवा लागला की डबी आमच्या कोपऱ्यातल्या संगणकाला कळवते आणि पट्टी हिरवी होते. गावात वीज गेलेली असेल तर 'वीज गेली' असं वेगळं कळवते, म्हणजे उगाच घोर नको. तिन्हीसांजेला ओसरीचा दिवा लागला याचा अर्थ आई उठती-फिरती आहे.

"त्यापेक्षा रोज फोन करा की," मी म्हटलं.

"करतो ना. पण फोनवर ती 'बरी हाय' एवढंच म्हणती. ताप असला तरी बरी हाय. पडली तवाबी बरी हाय. जी टेस्ट कवाच नापास व्हत न्हाय ताई, तिच्यावर भरवसा कसा ठिवायचा?"

तर ही ओसरी मधूनमधून लाल व्हायची. लाल झाली की सर हेल्मेट उचलायचे, 'इचारून येतो' म्हणायचे आणि थेट गावाकडे. दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, होल्डर बदलला. मग काही दिवस हिरवं. पुन्हा लाल. वायर बदलली. पुन्हा लाल. डबी बदलली, बटण बदललं, शेवटी दिवाच बदलला. मला नवल वाटायचं. ज्या माणसानं पौर्णिमेला पकडलं, त्याला एक दिवा पकडता येईना? बरं, या दिव्यासाठी त्यांनी कॅलेंडर काही काढलं नाही.

अशात दादांनी जाहीर केलं की गुरुवारी सोलापूरचे काही मोठे लॉजवाले आमचं काम बघायला येणार. ते गिऱ्हाईक झाले तर कंपनीचं भलं होणार होतं, आणि दादांना भिंतीवर एकही लाल पट्टी नको होती. "सर, ती ओसरी एक तर दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका. पाहुण्यांना मी काय सांगू, कुणाच्या घरचा दिवा?"

दादांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सरांचा चेहरा मला बघवला नाही. कुठलीही टेस्ट काढा म्हटलं की हा माणूस तासभर भांडतो. त्या दिवशी नुसतं "बघतो" म्हणाले. 'इचारून येतो' नाही, 'बघतो'. ती पट्टी गेली तर रोज संध्याकाळी आईची खबर त्यांना कुठून मिळणार, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. आणि सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले, मीसुद्धा.

गुरुवारी पाहुणे आले. दुपारी यायचे ते चार वाजता आले आणि आल्यावर हलायचं नाव घेईनात. सर सगळं समजावून सांगत होते, छान रंगले होते. भिंत वरपासून खालपर्यंत हिरवी. आणि दिवेलागण झाली नि ओसरी लाल झाली.

पाहुण्यांत एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे गृहस्थ होते, त्यांचं नेमकं तिकडंच लक्ष. "हे तांबडं काय हो?" दादांनी सरांकडे असं पाहिलं की मीच घाबरले. सरांच्या हातात खडू होता, फळ्यावर अर्धी आकृती होती. माणूस मध्येच सोडून जाणार कसा? त्यांनी आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मला काय झालं कोण जाणे, मी पर्स उचलली आणि म्हटलं, "सर, तुम्ही चालू द्या. मी इचारून येते."

स्कूटीवर रस्ताभर नाही नाही ते मनात येत होतं. म्हातारं माणूस, एकटं, पाय घसरला असेल, कोंबड्यांच्या मागे गेली असेल. गावात शिरले तर बाजार नुकताच उठलेला, टोपल्या आवरत होते. घर विचारलं, सापडलं. शेजारीपाजारी सगळ्यांकडे दिवे, फक्त या घराची ओसरी अंधारात. "मावशी!" मी ओरडले.

"कोण हाय? वरडू नको, कोंबड्या बिचकत्यात."

अंधारात, ओसरीच्या खांबाला टेकून एक बाई नीटनेटकी बसली होती. धुवट पातळ, केस विंचरलेले. आतल्या खोलीतून दिव्याची तिरीप येत होती. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर दिसत होती, त्याखाली दोन ताटं मांडून ठेवलेली. आणि घरभर सुकटीचा खमंग वास.

"जयभीम मावशी. मी ओव्हाळ सरांच्या ऑफिसातली. ओसरीचा दिवा लागला नाही म्हणून..."

"जयभीम," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीमागे रस्त्याकडे बघितलं. "त्यो न्हाय आला व्हय?"

"कामात आहेत. तुम्ही बऱ्या आहात ना? फोन का नाही उचलला?" असं विचारत विचारत मी भिंत चाचपली, बटण सापडलं, दाबलं. दिवा झक्क लागला.

"आगं बंद कर! बंद कर!" बाई ताडकन उठली. मी घाबरून बंद केला. ती मटकन खाली बसली. "ऱ्हाऊ दे आता. कळलं आसंल त्याला. आता कशाला येतंय त्यो."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वायर, होल्डर, डबी, सगळं धडधाकट होतं. दिवा बिघडतच नव्हता. लावायचाच नाही असं ठरलेलं होतं.

"मावशी, अहो, तुमच्या लेकाचा जीव जातो तिकडं. 'ये' म्हणून फोन केला तर ते येणार नाहीत का?"

"मी आन 'ये' म्हणू?" बाई जणू मी तिला भर चौकात नाचायला सांगितलं अशी माझ्याकडे बघू लागली. "त्याला काम आस्तंय. त्याचा बाप गेला तवाबी म्या 'सवड काढून ये' एवढंच म्हणलं हुतं." मग म्हणाली, "बाजारात ताजी सुकट आली हुती. त्याला लई आवडती. सूनबाईला वास सोसत न्हाय, मग त्या घरात कोण करतंय? म्हणलं, बाजारादिवशी एक घास हितं खाईल आन जाईल. दिवा बिगडला की येतंय बिचारं."

तिनं मला बळंच जेवायला बसवलं, सरांच्या ताटावर. भाकरी अशी की अजून आठवते. निघताना तिनं डबा भरून हातात दिला. "त्याला म्हण, उरली हुती. आन दिव्याचं काय सांगू नको बाय. हुशार हाय, पर भोळं हाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा सरांच्या टेबलावर ठेवला. "उरली होती म्हणाल्या. दिव्याचं म्हणाल तर, बटण जरा सैल आहे. मी दाबलं, लागला."

सरांनी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं. मग माझ्याकडे बघून हसले. "बाजाराच्याच दिवशी सैल व्हतंय, न्हाय का ताई?"

मी जवळजवळ ओरडलेच, "तुम्हाला माहीत आहे?"

"हळू बोला. तिला वाटतंय मला ठावं न्हाय." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "बिनकामाचं गेलो की दारातच इचारती, नोकरी गेली का? चार घास घशाखाली उतरू देत न्हाय. दिवा बिघडला म्हणून गेलो की स्टूल धरती, बॅटरी दावती, खूश आस्ती. तिनं बोलवलं न्हाय, म्या आलो न्हाय. दिव्यापायी दोघंबी मोकळे."

"म्हणजे त्या सगळ्या वायरी, होल्डर?"

"धडधाकट. त्याच पिशवीत नेतो, त्याच परत बसवतो."

एवढ्यात दादा आले. मला वाटलं, आता ओसरीचा निकाल लागणार. पण दादांचा सूर वेगळा होता. मी गेल्यावर त्या मिशीवाल्या पाहुण्यांनी पट्टीचा पिच्छाच सोडला नव्हता. शेवटी प्रणवनं त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. ते ऐकून पाहुणे खुर्ची ओढून बसले, म्हणाले, आधी त्या माउलीचा दिवा लागू द्या, मग कामाचं बोलू. मी गावात बटण दाबलं तेव्हा इकडं पट्टी क्षणभर हिरवी झाली आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. काम आम्हाला मिळालं.

"ती पट्टी राहू द्या सर," दादा म्हणाले. "पण दुरुस्त करून टाका एकदाची. कारण काय निघालं?"

ओव्हाळ सरांनी डब्यावर हात ठेवला. ज्या माणसानं कधी कुणाचं 'बहुतेक' चालवून घेतलं नाही, त्यानं मालकाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "बहुतेक वायर आसंल, दादा. कारण सापडलं न्हाय अजून." आणि मी, जिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, ती म्हणाले, "हो, लवकर सापडेल असं दिसतही नाही."

परवा पुन्हा गुरुवार होता. दिवेलागण नुकतीच झाली होती. प्रणव ओरडला, "सर, ओसरी लाल!" आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. सर दारात उभे होते. हेल्मेट केव्हाच डोक्यावर चढलं होतं, खांद्याला त्याच जुन्या वायरीची पिशवी होती.

"इचारून येतो," म्हणाले, आणि जिना उतरले.